दोन बादल्यांत रंगीत अंगण

प्रश्न (सोलापूर): घरासमोर २० बाय ८ फुटांची पट्टी आहे. काळी माती, दिवसभर ऊन. उन्हाळ्यात झाडांसाठी रोज दोनच बादल्या पाणी निघते. रंगीत काय लावू? गेल्या पावसाळ्यात सदाफुली मेली आणि एक्झोरा पिवळा पडला.

उत्तर: एक्झोराचा नाद सोडा. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. पाणी वाढवून ते सुधारत नाही. सदाफुली मात्र पुन्हा लावा. ती तहानेने नाही, साचलेल्या पाण्याने मुळे कुजून मेली. म्हणून वाफा जमिनीपासून ८-१० इंच उंच करा आणि मातीत निम्म्या मापाने जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि तेवढेच कुजलेले शेणखत मिसळा. जिथे रोपे मेली, ती जागा यंदा सदाफुलीला देऊ नका.

कुंपणाच्या बाजूने पाच-पाच फुटांवर चार मोठी झाडे पुरेत: कोपऱ्यात बोगनवेल, मग पिवळा टिकोमा आणि दोन शंकासुर. पुढे दोन-दोन फुटांवर कोरांटी, एकेका फुटावर सदाफुली आणि कडेला ऑफिस टाइम (चिनी गुलाब). त्याच्या बोटभर फांद्या नुसत्या खोचल्या तरी जगतात. कण्हेरही काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर नकोच.

लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर करा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळे खोल जातात. रोज सगळ्यांना तांब्या-तांब्या पाणी घालणे ही सर्वांत मोठी चूक. ओल वरच्या दोन इंचांत राहते, मुळेही तिथेच घुटमळतात आणि एप्रिलच्या उन्हात होरपळतात. त्यापेक्षा दिवसाआड एका मोठ्या झाडाला सावकाश पूर्ण बादली द्या. आठ दिवसांनी त्याची पाळी पुन्हा येते. पहिल्या उन्हाळ्यात ही पाळी चार दिवसांवर आणा. उरलेले पाणी छोट्या रोपांना. आळ्यात तीन इंच पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. तिथे बुरशी धरते.

प्रश्न (पुणे): गच्चीवरच्या कुंडीत बोगनवेल आहे. रोज पाणी आणि दर महिन्याला शेणखत देतो. पाने भरपूर, फुले नाहीत.

उत्तर: लाड कमी करा, ती फुलेल. आपण ज्याला तिचे फूल म्हणतो, ती रंगीत पाने असतात. खरे फूल त्यांच्या मधले, बारीक आणि पांढरट. जास्त पाणी आणि नत्र मिळाले की वेल हिरव्या वाढीतच गुंतते. पाने किंचित लवेपर्यंत थांबा, मग तळातून पाणी निघेपर्यंत द्या आणि पुन्हा माती सुकू द्या. शेणखत तीन महिने बंद. पाऊस संपला की फांद्या एक तृतीयांश छाटा, कारण बहर नव्या फुटीवर येतो. मोठ्या कुंडीत हलवू नका: मुळे दाटलेली असली की फुले जास्त येतात आणि मुळे दुखावलेली तिला अजिबात सोसत नाहीत. पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवेच.

प्रश्न (लातूर): आरओचे वाया जाणारे पाणी झाडांना चालेल का?

उत्तर: बोअरचे पाणी असेल तर नको. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोके करपतात. त्याने फरशी पुसा. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी मात्र बिनदिक्कत घाला.