हरणाऱ्या मित्राचे पैसे घ्यावेत का?

प्रश्न : आमच्याकडे शनिवारी पॉइंटला 1 रुपयाने रमी चालते. एक मित्र दर वेळी हरतो. त्याचे पैसे घेणं बरोबर आहे का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तो बहुधा पॅक न करण्यात, म्हणजे वाईट डाव वेळीच सोडून न देण्यात बुडतोय. हातात सिक्वेन्स (एकाच चिन्हाचे ओळीने तीन पत्ते) नाही, जोकर नाही, तर पहिल्याच पाळीला पॅक केलं की 20 पॉइंट जातात. मधे केलं तर 40. राजा-राणी कवटाळून बसला तर थेट 80 पर्यंत! हे त्याला एकदा समजावून सांगा. तरीही तो हौसेनं, रोख खेळत असेल तर खुशाल घ्या. उधार मागू लागला की मात्र पत्ते आवरा, नाहीतर दर 25 पैशांवर आणा. त्याला मुद्दाम तीन पत्तीकडे ओढू नका. 1967 साली सुप्रीम कोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलं ते रमीला, तीन पत्तीला नव्हे.