नुसतं हं

पिल्लू,

काल रात्री तू विचारलंस, बाबा तू आजीशी फोनवर बोलतोस तेव्हा अर्धा वेळ नुसतं हं हं करतोस आणि प्रत्येक हं वेगळ्याच चालीत, मराठीत असं गाऊन बोलायची पद्धत आहे का? मी पेंगुळलेला होतो, "हं" म्हणालो नि कूस बदलली. त्या हं चा अर्थ होता आता झोप, आणि तो तुला बरोब्बर कळला बघ!

तर तुझा कान तयार आहे. हं वर गेला की प्रश्न, खाली आला की कळलं, लांबवला की थापा मारू नकोस, दोनदा तुटक म्हणजे बोल बोल ऐकतोय. "हो का" चं पण तेच, कौतुक आहे का टोमणा ते सगळं चालीवर. पण ही काही एकट्या मराठीची मिजास नाही गं. चिनी भाषेत तर चाल बदलली की 'मा' ची आई होते नाहीतर घोडा होतो. आपल्याकडे जुन्या वैदिक संस्कृतमध्येही तसंच होतं, 'इन्द्रशत्रु' हा शब्द म्हणताना सूर चुकला आणि 'इंद्राला मारणारा' च्या जागी 'इंद्र ज्याला मारेल तो' असा अर्थ झाला, इंद्राला मारायला निघालेला बिचारा वृत्र राक्षस तेवढ्यावरून मेला अशी गोष्ट आहे. मराठीत तो प्रकार राहिला नाही. नशीब, नाहीतर मी रोज कुणाला तरी मारलं असतं.

आता खरी गंमत. 2009 मध्ये काही संशोधकांनी अगदी 2 ते 5 दिवसांच्या 60 बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं, निम्मी फ्रेंच घरातली निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांचं रडं जास्त करून चढत जायचं, जर्मन बाळांचं उतरत, आणि त्या दोन भाषांची चालही साधारण तशीच आहे. म्हणजे शब्द एकही येत नाही पण घरातल्या भाषेची चाल पोटात असतानाच कानावर पडून बसलेली.

मग माणसाच्या बाबतीतही आधी चाल आली आणि शब्द मागून आले असं असेल का? डार्विनला तसं वाटायचं. 1871 च्या पुस्तकात त्याने लिहिलं की आपले पूर्वज बोलायच्या आधी सुरात आवाज काढून जोडीदाराला रिझवत असतील, जसे गिबन जातीचे वानर अजून गातात. स्टीव्हन पिंकर नावाचा भाषेचा नि मनाचा अभ्यासक मात्र म्हणतो संगीत म्हणजे जेवणानंतरचं गोड, नसलं तरी पोट भरतं. मी डार्विनच्या बाजूचा, पण पुरावा विचारू नकोस, आवाजाचे काही जीवाश्म होत नाहीत. जर्मनीतल्या एका गुहेत गिधाडाच्या हाडाची पाच भोकांची बासरी सापडली, 35 हजार वर्षांहून जुनी, पण तोवर माणसं मस्त गप्पा मारत असणार त्यामुळे तिचा इथे काही उपयोग नाही. ह्या वादात इतकी डोकेफोड व्हायची की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866 मध्ये भाषा कशी सुरू झाली ह्या विषयावर निबंधच घेणार नाही असा नियम केला!

शनिवारी एक करू. आजीचं एखादं वाक्य रेकॉर्ड करून त्यातला तुकडा दहा-पंधरा वेळा लागोपाठ लावू, नुसता तोच तुकडा. बरेचदा थोड्या वेळाने ते बोलणं गाण्यासारखं ऐकू यायला लागतं, डायना डॉइच नावाच्या बाईंच्या हे लक्षात आलं होतं. तुला कितव्या वेळी गाणं ऐकू येतं ते मोजून ठेव, आजीला आधी सांगू नकोस मात्र, नाहीतर ती मुद्दाम गाऊनच बोलेल.

बाबा