राजीनामा आधी मागे घ्या, मग एफडीचं बोलू

चाकणहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"नमस्कार मॅडम. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं आहे, आता परमनंट. वय 34, हातात 38 हजार येतात. मुलगी चार वर्षांची. जुलैमध्ये अंगणवाडीत तपासणीची सरकारी गाडी आली होती. त्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. आम्ही पुण्यात प्रायव्हेटला नेलं. इकोमध्ये हृदयाच्या वरच्या पडद्याला 18 मिलिमीटरचं भोक निघालं. एका बाजूला कड नाही म्हणून भोक बंद करणारं बटण बसणार नाही, छाती उघडूनच करावं लागेल, घाई नाही पण तीन-चार महिन्यांत उरका, असं डॉक्टर म्हणाले. खर्च सव्वातीन लाख. (दीड वर्षाची असताना न्यूमोनिया झाला होता, तेव्हाही एक डॉक्टर 'हृदयात आवाज येतोय, पुढे बघू' म्हणाले होते. ते राहूनच गेलं.)

माझी चार लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची. आमचे पॉलिसीवाले काका म्हणतात, एफडीला हात लावू नका, पगाराची स्लिप आहे तोवर पर्सनल लोन काढा. 15 टक्क्यांनी मिळतंय. कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम आहे, कार्डावर तिघांची नावं आहेत, पण जन्मजात आजाराला विमा नसतो असं काकांनी सांगितलं. 30 तारखेला मी नोकरी सोडतोय. राजीनामा दिलाय. मेहुण्यांबरोबर पाण्याच्या जारचा प्लँट टाकतोय, पीएफचे पैसे त्यात घालीन. तिसऱ्या महिन्यापासून माझ्या वाट्याला 60 हजार सुटतील. ऑपरेशन त्यानंतर निवांत करू. माझी पाच लाखांची जुनी पॉलिसी आहे, मुलीच्या नावानं वर्षाला 72 हजारांची चाइल्ड पॉलिसी दीड वर्षापूर्वी घेतली, ती चालू ठेवायचीच आहे. तर एफडी मोडू की लोन काढू?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं. सव्वातीन लाखांचं कर्ज, 15 टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण 11,300 चा हप्ता आणि 80 हजार व्याज. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक व्याजातला अर्धा-एक टक्का कापते, म्हणजे वर्षाचे चारेक हजार. कर्जाचा विषयच नको. त्यात हा हप्ता नेमका पगार बंद होईल त्याच महिन्यापासून सुरू व्हायचा. असला सल्ला देणाऱ्या काकांना त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी हेच कराल का, म्हणून विचारा एकदा.

पण पत्र वाचताना मी थांबले ती "30 तारखेला" या शब्दांवर. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ ती आहे.

विम्याच्या भाषेत जन्मजात दोषांचे दोन प्रकार असतात, बाह्य आणि आंतरिक. दुभंगलेला ओठ, जास्तीचं बोट, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते बाह्य. ते बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. हृदयाच्या पडद्याला भोक हा आंतरिक दोष, आणि तो सहसा वगळलेला नसतो. घरी स्वतः घेतलेल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला थांबावं लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा तेही नसतं, पहिल्या दिवसापासून सगळं धरलेलं असतं. काकांनी "जन्मजात" एवढाच शब्द ऐकला आणि निकाल देऊन टाकला. त्यांनी तुमच्या कंपनीची पॉलिसी वाचली होती का? तुम्ही वाचली आहे का? कार्ड म्हणजे पॉलिसी नव्हे. एचआरकडून शब्दन् शब्द असलेली पीडीएफ मागा, त्यात "इंटर्नल काँजेनिटल" शोधा, आणि कार्डावर ज्या टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर आहे त्यांना ईमेल करून लेखी विचारा. फोनवरच्या "हो हो, होईल"ला किंमत शून्य.

आता 30 तारखेचं. नोकरी सुटली की ग्रुप मेडिक्लेमही साधारण त्याच दिवशी सुटतो. 1 तारखेपासून ते कार्ड पाकिटातला प्लास्टिकचा तुकडा. मग तुम्ही बाहेर फॅमिली पॉलिसी घ्यायला जाल, फॉर्मवर इको रिपोर्टची माहिती द्यावी लागेल (लपवलीत तर क्लेम गेलाच म्हणून समजा), आणि कंपनी एक तर मुलीला घेणार नाही, नाही तर या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावेल. 2024 च्या नियमांत ही मुदत जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणली आहे, आधी 48 होती. तुमच्याकडे डॉक्टरांनी दिलेले महिने चार आहेत. म्हणजे "निवांत" करण्याच्या नादात तुम्ही तीन लाखांचं छत्र स्वतःच्या हातानं मिटून ठेवताय आणि 80 हजार व्याजानं पावसात उभं राहायची तयारी करताय.

तेव्हा सोमवारी एचआरला भेटा. राजीनामा मागे घेता येतो का पाहा. नाहीच जमलं तर नोटीस पिरियड वाढवून मागा, ऑपरेशन आणि त्यानंतरचे साधारण 60 दिवस त्यात बसतील असा, कारण फेरतपासणी आणि औषधांची बिलं बहुतेक पॉलिसींत तेवढे दिवस मिळतात. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला कारण सांगून थोडी मुदत मागायला लाज कसली? पाण्याचे जार चार महिन्यांनीही विकता येतील.

आणखी एक गोम. ग्रुप पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, बऱ्याचदा विम्याच्या रकमेच्या एक टक्का. तुमच्या बाबतीत तीन हजार रोज. तुम्ही सहा हजारांची खोली घेतलीत तर फक्त खोलीचा फरक भरून भागत नाही; डॉक्टरांची फी आणि बाकी बरीच बिलंसुद्धा त्याच प्रमाणात निम्मी कापली जाऊ शकतात. ऑपरेशननंतर पहिले दोन-एक दिवस पोर आयसीयूतच असते, तुमची डिलक्स रूम तोवर रिकामी. जनरल किंवा दोघांची खोली घ्या. मर्यादा पाळलीत तर मेडिक्लेममधून अडीच ते तीन लाख निघावेत. उरलेले 25 ते 75 हजार खिशातून. एवढे एफडीतून काढा, खुशाल. यंदाच्या वर्षात घरात आणखी कुणाचा क्लेम झाला असेल तर तेवढे वजा करा.

हे झालं खासगी हॉस्पिटलचं. खरं तर तुम्हाला एक रुपयाही लागू नये अशी शक्यता आहे, आणि ती चिठ्ठी तुमच्या घरातच कुठंतरी पडली आहे.

अंगणवाडीत आलेली ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. 2013 साली पालघरहून सुरू झालेली ही योजना आहे. तिच्यात 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतात आणि सापडलेल्या दोषावर उपचारही मोफत करून देतात. हृदयाचे जन्मजात दोष त्या यादीत आहेत. चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी या केंद्रात जायचं असतं. तुम्ही चिठ्ठी घेतलीत, पण निदान मात्र पैसे मोजून करून आणलंत. लोक असं का करतात हे मला कळतं. सरकारी म्हटलं की जीव धास्तावतो. पण ज्या हॉस्पिटलात या योजनेतून ऑपरेशन होतं ते बऱ्याचदा चांगलं नावाजलेलं खासगी किंवा ट्रस्टचं असतं. शिवाय महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे: आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पूर्वी ते दीड लाख होतं. योजनेतल्या हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड, आधार आणि इको रिपोर्ट ठेवा. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य करतं, तिथं बिलाचा काउंटरच नाही.

यांपैकी कुठं जायचं हे मी सांगणार नाही, ते हृदयरोगतज्ज्ञांचं काम. मात्र ज्याला विचाराल त्याला एवढं विचारा: लहान मुलांची ओपन हार्ट तुमच्याकडे वर्षाला किती होतात, आणि मुलांसाठी वेगळं आयसीयू आहे का. मोफत आणि चांगलं एकाच ठिकाणी मिळालं तर मेडिक्लेमही शिल्लक राहतो. रांग लांब असेल तर मेडिक्लेम वापरा. चार महिने आहेत म्हणून हे दोन्ही रस्ते चालून बघता येतात. चार वर्षं मात्र ढकलू नका, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येत राहतो आणि पुढे फुप्फुसांतला दाब वाढला की प्रकरण हाताबाहेर जातं.

आता चाइल्ड पॉलिसी. काकांनी "मुलीच्या लग्नाला 25 लाख" सांगितलं असणार, सगळे तेच सांगतात. वर्षाला 72 हजार, 20 वर्षं, भरणा 14 लाख 40 हजार. शेवटी 25 लाख मिळाले तर परतावा पडतो सुमारे 5 टक्के. तुमची एफडी 7 देते, ज्या एफडीला ते हात लावू देत नाहीत. महागाई 6 टक्के धरली तर 20 वर्षांनंतरचे ते 25 लाख म्हणजे आजचे पावणेआठ. आणि यासाठी तुम्ही पगाराचा जवळजवळ सहावा हिस्सा देताय. दोन हप्ते गेले, 1 लाख 44 हजार. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती हातात येतात आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीला किती, हे दोन आकडे कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या, काकांकडून नव्हे. तोवर तिसरा हप्ता भरू नका. माझा कल बंद करण्याकडे आहे.

त्यात विमा कुणाचा उतरवलाय? चार वर्षांच्या मुलीचा. तिच्या पगारावर घर चालतं का? घर ज्याच्यावर चालतं त्याला पाच लाखांची जुनी पॉलिसी, म्हणजे वर्षभराच्या पगाराहून थोडं जास्त. नोकरी आहे तोवर पीएफबरोबर येणारा ईडीएलआयचा विमा आहे, जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत. तोही 30 तारखेला जातो. एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण 12 ते 15 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. पण अर्ज आत्ताच करा, हातात पगाराच्या स्लिपा आहेत तोवर. उद्या जारवाले झालात की विमा कंपनी दोन-तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स मागेल आणि तुमच्याकडे ती नसतील. पगाराची स्लिप खरी वापरायची ती इथं. काकांना ती कर्जासाठी आठवली.

नोकरी पुढे कधी सोडालच तेव्हा, शेवटच्या दिवसाच्या बऱ्याच आधी, ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या फॅमिली पॉलिसीत बदलून मागा. याला मायग्रेशन म्हणतात, त्यात मागच्या वर्षांचं श्रेय मिळतं. ऑपरेशन झालेल्या मुलीला नव्यानं कुणी सहजासहजी घेणार नाही, म्हणून हे महत्त्वाचं.

धंद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 60 हजारांचा आकडा मला गप्प बसू देत नाही. दोघांचे मिळून सव्वा लाख सुटायचे तर, एका जारमागे वीज, टेम्पो, पोरांचा पगार, फुटके जार सगळं जाऊन आठ रुपये उरतात असं उदार मनानं धरू, रोज पाचशेच्या वर जार गेले पाहिजेत. रविवार धरून. तिसऱ्या महिन्यापासून. मेहुण्यांकडे आत्ता किती गिऱ्हाइकं आहेत हे पत्रात नाही. पीएफ त्यात घालू नका. मेहुण्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. प्लँट चालला तर दुसऱ्या वर्षी भागीदारी करा.

एक गोष्ट राहिली. चाइल्ड पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती, आणि "हृदयात आवाज येतोय" हे त्याच्या वर्षभर आधी सांगितलेलं होतं. प्रस्ताव अर्जात "जन्मजात किंवा हृदयाचा विकार आहे का" अशा प्रश्नापुढे काय लिहिलंय? अर्ज तुम्ही भरलात की काकांनी भरला आणि तुम्ही फुलीच्या जागी सही केलीत? पॉलिसीचं जाड पुडकं येतं त्यात मागे त्या अर्जाची झेरॉक्स असते. पुन्हा लिहाल तेव्हा रंगीत पहिलं पान नको, त्या झेरॉक्सचा फोटो पाठवा.