५ वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडलीय, डॉक्टर रूट कॅनल आणि कॅप सांगतायत. दुधाचे दात पडणारच ना, मग काढूनच टाकली तर?

काढू नका ताई, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही लिहिलंय की खालची शेवटची दाढ आहे, रात्री दुखतं म्हणून रडते आणि घरचे म्हणतायत कशाला एवढा खर्च. आमच्याकडेही सगळे हेच म्हणाले होते आणि मोठ्याची अगदी हीच दाढ मी सहाव्या वर्षी काढून टाकली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढचे दात सहा-सातला पडतात म्हणून आपल्याला वाटतं सगळेच तेव्हा पडतील, पण ही दाढ पडायला १० ते १२ वर्षांचं वय उजाडतं. मधल्या काळात, सहाव्या वर्षाच्या आसपास, तिच्या मागे कायमची पहिली दाढ येते आणि पुढे जागा रिकामी दिसली की ती हळूहळू पुढे सरकते. माझ्या मुलाचं तेच झालं, खालून येणाऱ्या दाताला जागाच उरली नाही, तो हिरडीतच अडकला आणि मग ब्रेसेस, दीड-दोन वर्षं दर महिन्याला चकरा. जिथे दाढ काढली तिथे स्पेस मेंटेनर म्हणजे जागा धरून ठेवणारी तारेची रिंग असते हे मला कोणी सांगितलंही नव्हतं.

धाकटीच्या वेळी मी रूट कॅनल करून घेतली. लहान मुलांची ही ट्रीटमेंट मोठ्यांसारखी नसते, मुळांत भरतात ते औषध मुळांसोबत विरघळतं त्यामुळे वेळ आली की दाढ आपोआप पडते. उरलेली दाढ कमजोर होते, चावताना तुटू शकते, म्हणून वर स्टीलची कॅप. पांढरी झिर्कोनियाची पण मिळते पण महाग, मागच्या दाढेसाठी मी तरी तेवढे पैसे घालणार नाही.

एक्स-रे काढलाय का ते मात्र विचारा. इन्फेक्शनने मुळाखालचं हाड जास्त खराब झालं असेल तर काढावीच लागते, मग स्पेस मेंटेनरचं आधीच बोलून घ्या. आणि गाल सुजला किंवा ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहेत, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, वेळ जातो पण खूप स्वस्तात होतं.

बाकीच्या दाढाही आत्ताच तपासून घ्या, दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ असतं त्यामुळे कीड पटकन नसेपर्यंत जाते. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट (पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम बघा), आणि त्यानंतर दूध-बिस्कीट काही नाही, फक्त पाणी.

आता वर्षभरात तिची ती सहाव्या वर्षाची दाढ येईल. कुठलाही दात न पडता गुपचूप मागून येते म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो, पण ती आयुष्यभराची असते. पूर्ण वर आली की तिच्या खाचांमध्ये सीलंट म्हणजे कीड लागू नये म्हणून लावतात तो पातळ थर भरून घ्या, इंजेक्शन लागत नाही, माझ्या धाकटीचं तर गोष्ट सांगता सांगता झालं.