हे तुला कसे कळले?

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा पानशेतच्या पुरावरचा लेख मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा होण्याआधी पुन्हा एकदा वाचला. लेखाला वाचक मिळाले नाहीत म्हणून संकेतस्थळाच्या संपादकांनी तुला मथळा ठसठशीत करायला, 'पानशेत पूर माहिती' हे शब्द आणखी चार ठिकाणी घालायला आणि लेख आठशे शब्दांच्या वर न्यायला सांगितले आहे. त्याच सुमारास एका वाचकाने एक चूक दाखवली, ती तू कोणाला न सांगता बदललीस, आणि आता यांतले आधी काय सुधारू असे मला विचारतेस. तुझ्या पत्रातला गोंधळ वाचून मला वाईट वाटले, कारण ज्या चुकीला तू यादीत सर्वांत खाली टाकले आहेस, तिच्यापुढे बाकीच्या गोष्टींना काहीच वजन नाही.

बाकीचे आधी उरकतो. लेखात जेवढे आहे तेवढेच मथळ्याने सांगावे. 'पुण्याचा तो काळा दिवस, जो कोणालाच माहीत नाही' असा मथळा देऊन खाली सर्वांना माहीत असलेली गोष्ट सांगितलीस, तर तो वाचक तुझ्याकडे पुन्हा येत नाही. तेच शब्द पाच ठिकाणी कोंबलेले वाक्य वाचताना जिभेला अडते; मोठ्याने वाचून पाहिलेस तर तुझे तुलाच कळेल. 'चला तर मग जाणून घेऊया' हे वाक्य काढून टाक. 'नुकतेच', 'गेल्या वर्षी', 'सध्या' हे शब्दही काढ आणि तिथे साल घाल. कागदावरचे वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे, पण हा लेख दहा वर्षांनी कोणीतरी उघडणार आहे आणि त्याला तुझे 'गेल्या वर्षी' कोणते, हे कळायला मार्ग नाही. लेखासोबत पाण्यात बुडालेल्या रस्त्याचे जे कृष्णधवल छायाचित्र लावले आहेस, ते कोणी काढले, कोणत्या गावात आणि कोणत्या साली? तू लिहितेस, 'नेटवर मिळाले.' मग ते पुण्याचे आहे, हे तुला कसे कळले?

हाच प्रश्न मला तुझ्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल विचारायचा आहे. तिथे तू लिहिले होतेस, 'गाढ झोपेत असलेल्या पुण्यावर रात्रीच्या अंधारात पाण्याचा लोंढा कोसळला.' वाचकाने हरकत घेतल्यावर तू 'रात्रीच्या अंधारात' खोडून 'पहाटे' केलेस. एक ऐकीव शब्द काढून त्या जागी अंदाजाने दुसरा बसवलास, म्हणजे चूक होती तिथेच राहिली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात आले आणि दुपारी तेही फुटले. पुण्यात लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण पेठ आणि शनिवार पेठेत घरे कोसळली, आणि हे सारे दिवसाउजेडी घडले. तुझ्या लेखात खडकवासल्याचे नावसुद्धा नाही. आदल्या रात्री धरण खचू लागले तेव्हा लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचत होते आणि त्यांच्या त्या श्रमांमुळे धरण रात्रभर उभे राहिले. पुणे झोपेत असताना धरण फुटले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. 'गाढ झोपेत' या दोन शब्दांनी त्या माणसांची अख्खी रात्र पुसून टाकली.

तू म्हणशील की तीन ठिकाणी तसेच लिहिलेले होते. ती तिन्ही पाने मी उघडून पाहिली. तिन्हींत 'लोंढा कोसळला' हेच शब्द आहेत आणि स्वल्पविरामही त्याच जागी आहे. तीन माणसांनी स्वतंत्रपणे शोधून काढलेली गोष्ट अशी शब्दाला शब्द जुळत नाही, म्हणून ते तीन पुरावे मानता येत नाहीत. एकच वाक्य तीनदा उतरवलेले आहे. ते मुळात कोणी लिहिले, हे मला शोधावे लागले नाही.

ते माझे वाक्य आहे. १९८६ साली पुराला पंचवीस वर्षे झाली तेव्हा एका साप्ताहिकासाठी मी लेख लिहिला होता. मी सत्तावीस वर्षांचा होतो, अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता, आणि सुरुवात जोरदार हवी असे मला बजावण्यात आले होते. वाक्य कानाला चांगले लागले म्हणून मी ते ठेवले. धरण कधी फुटले, हे मी कोणालाही विचारले नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावर ग्रंथालयात त्या आठवड्यातल्या दैनिकांच्या फायली होत्या आणि पेठांमध्ये पूर पाहिलेली हजारो माणसे होती, तरी मी विचारले नाही.

अंक निघाल्यावर आठ दिवसांनी नारायण पेठेतून एक पोस्टकार्ड आले. निळी शाई, उजवीकडे उतरत गेलेल्या ओळी, खाली जागा न उरल्यामुळे कडेने उभी लिहिलेली सही. मजकूर एवढाच होता: 'आपला लेख वाचला. त्या दिवशी बुधवार होता. मी डाळ शिजत ठेवली होती. आम्ही झोपेत नव्हतो. वर गच्चीवर गेलो तेव्हा खाली स्टोव्ह चालूच राहिला.' मी ते कार्ड संपादकांना दाखवले. ते म्हणाले, 'पंचवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीची दुरुस्ती कोण वाचणार?' मला हायसे वाटले. ते हायसे वाटणे मी आजवर विसरलेलो नाही. दुरुस्ती छापली गेली नाही आणि त्या बाईंना मी उत्तरही पाठवले नाही. चार वर्षांनी धीर करून पत्त्यावर गेलो, तेव्हा तिथे नवी इमारत उभी राहत होती आणि त्या कुठे गेल्या हे शेजारी कोणाला सांगता आले नाही. पुढे कोणीतरी तो लेख टंकून नेटवर चढवला, आणि आता माझी चूक तुझ्या नावाने फिरते आहे.

तेव्हापासून स्वतःच्या प्रत्येक वाक्याला मी 'हे तुला कसे कळले?' हा प्रश्न विचारतो. यामुळे माझ्या हातून फार थोडे लिहून झाले. वेगाने लिहिणारे सोबती पुढे गेले, मला 'रेंगाळणारा' ठरवण्यात आले, आणि एका ठिकाणी तर माझे सदर याच कारणावरून बंद झाले, कारण मी एका आकड्यासाठी लेख दोन आठवडे अडवून धरला होता. तो आकडा शेवटी चुकीचाच निघाला, हे मी तुला मुद्दाम सांगतो. तुझ्या संपादकांना रोज एक लेख हवा असेल, तर त्यांना रोज एक लेख देऊ नकोस. महिन्याला एक दे, पण त्यातल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून कोणी 'हे तुला कसे कळले?' असे विचारले, तर तुला उत्तर देता आले पाहिजे: अमुक फाइल पाहिली, अमुक अहवाल वाचला, अमुक माणसाशी बोलले. मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा सापडतो, म्हणून त्यातला मोठा उचलून टाकलास, हेही मला दिसले. जिथे आकडे जुळत नाहीत तिथे कोणता आकडा कोणाचा आहे, हे लिही. वाचकाला तेवढे पेलते.

आणि आता ज्यामुळे मला खरोखर राग आला ते सांगतो. तुझे आजोबा गोखलेनगरला राहतात, असे तूच मागच्या पत्रात लिहिले होतेस. गोखलेनगर कोणासाठी वसले, हे तुला ठाऊक आहे ना? पूरग्रस्तांसाठी. घरात साक्षीदार बसलेला असताना तू तीन अनोळखी पाने उघडलीस! दुसऱ्यांच्या पानांवरून गोधडी शिवायची सवय एकदा हाताला लागली की माणूस शेजारच्या खोलीत जायचेही विसरतो. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. मी स्वतः अर्धा तास चालून गेलो नव्हतो, म्हणून मला ते सहन होत नाही.

लेख संकेतस्थळावरून काढून टाकू नकोस आणि पुन्हा गुपचूप बदलूही नकोस. ज्यांनी तो आधी वाचला, त्यांना आपण काय चुकीचे वाचले हे कळण्याचा हक्क आहे, आणि तुझ्या लेखावरून कोणी उतरवून घेतले असेल तर त्यालाही. छायाचित्र मात्र आजच काढ. मग एक दुपार आजोबांकडे जा, वही घेऊन. बुधवारी सकाळी ते कुठे होते, पाणी येते आहे हे त्यांना कोणी सांगितले, घरातून काय उचलले आणि काय राहून गेले, एवढेच विचार आणि मध्ये बोलू नकोस. त्यांनी सांगितलेल्या वेळा फायलींशी ताडून पाहा, कारण इतक्या वर्षांत आठवणही सरकते.

त्यानंतर लेखाच्या वरच्या बाजूला, तळाशी नव्हे, तारीख घालून हे छाप: 'दुरुस्ती. या लेखात पूर रात्री, आणि नंतर पहाटे, आल्याचे लिहिले होते. ते चुकीचे आहे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले आणि खडकवासल्याचे त्याच दिवशी दुपारी. चुकीचे वाक्य १९८६ सालच्या एका लेखावरून आले होते.' आणि पुढे त्या लेखाच्या लेखकाचे, म्हणजे माझे, पूर्ण नाव लिही. संपादक नाव गाळा म्हणाले तर त्यांना माझा फोन नंबर दे.

तुझा,
सर