गोळी सुरू केली आणि अंगठा पुन्हा सुजला

गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात. त्याच्या रुग्णांच्या घरी एक शंका हमखास निघते. युरिक ॲसिड कमी करणारी गोळी सुरू केल्यावर दुखणे थांबण्याऐवजी पुन्हा उसळले, तर ती गोळीच बाधली असे समजायचे का? सांगलीत दीर्घकालीन आजारांचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचे समुपदेशन करताना मी ही शंका अनेकांकडून ऐकली आहे. परंतु तिच्यापायी एका दांपत्यात जो दुरावा आला होता, तो सांगण्याजोगा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले पन्नाशीचे गृहस्थ पत्नीसह आले होते. उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नुसता सैल मोजा. अंगठ्याच्या मुळाशी पहाटे असा ठणका उठे की चादरीचा स्पर्शही सोसवत नसे. डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी सुरू केली, काही आठवड्यांतच पुन्हा झटका आला, म्हणजे सांधा एकाएकी सुजून ठणकू लागला, तेव्हा त्यांनी ती गोळी परस्पर सोडून दिली आणि दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ लागले. इकडे पत्नीने आमटी, उसळ, पिठले सगळे बंद केले होते. ‘‘मॅडम, ह्यांचा जिभेवर ताबा नाही, म्हणून हे भोग आहेत,’’ असे त्या म्हणाल्या. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मला आधी हा आरोप दूर करणे गरजेचे वाटले, कारण ज्याला आजाराबद्दल अपराधी वाटते तो झटका आला तरी लपवतो. बहुतेक रुग्णांत युरिक ॲसिड वाढण्याचे मुख्य कारण मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत हे असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचाही असतो. चहात साखर जास्त झाली की जशी तळाशी उरते, तसे रक्तातील युरिक ॲसिडचे प्रमाण दर डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिले की सांध्यात सुईसारखे स्फटिक जमू लागतात. आहाराला महत्त्व नाही असे नाही. काळीज, गुर्दा, सुकट, वारंवारचे मटण, बिअर आणि इतर मद्य यांना आवर घालावाच लागतो, गोड शीतपेये आणि रोजचा उसाचा रसही कमी करावा लागतो; मात्र डाळी आणि पालक यांनी गाऊटचा धोका वाढत असल्याचे आढळलेले नाही. मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी वेगळे पथ्य सांगितले नसेल, तर दिवाणजींच्या ताटातली आमटी काढून घेण्याचे कारण नव्हते. हे ऐकल्यावर त्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘मग इतके दिवस तुम्ही कोरडी भाकरी का खाल्लीत?’’

गोळीचा उलगडा त्यानंतर सोपा झाला. रक्तातील युरिक ॲसिड उतरू लागले की सांध्यात साठलेले जुने स्फटिक सुटू लागतात आणि त्या काळात झटका येऊ शकतो. म्हणूनच ॲलोप्युरिनॉल कमी मात्रेपासून सुरू करतात आणि पहिले काही महिने जोडीला सहसा झटका टाळण्यासाठी कोल्चिसिन या औषधाची लहान मात्रा देतात. झटका आला म्हणून चालू गोळी स्वतःहून थांबवायची नसते. अपवाद एकच आणि तो मी प्रत्येकाला दोनदा सांगते: अंगावर पुरळ उठले, ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी तत्काळ बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यांनी दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांबद्दल मात्र मला खरी काळजी वाटली, कारण त्यांना रक्तदाब होता आणि अशा गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडांनाही इजा करतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा, असे मी त्यांना सांगितले.

पत्नीला काहीतरी करायचे होते; पहारा सुटल्यावर हात रिकामे राहणार होते. झटक्याच्या वेळी पाय उशीवर उंच ठेवणे, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावणे, चोळणे आणि शेकणे टाळणे, पाणी हाताशी ठेवणे, डॉक्टरांनी झटक्यासाठी दिलेले औषध पहिल्या ठणक्यालाच देणे, ही कामे त्यांनी वहीत लिहून घेतली. एकादशीचा कडक उपवास दोघेही करीत. उपाशी राहण्याने आणि पाणी कमी पडण्याने झटका येऊ शकतो, म्हणून दिवाणजींनी तो डॉक्टरांना विचारूनच करावा असे ठरले.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि ॲलोप्युरिनॉल पुन्हा सुरू करून मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली. मध्ये एक सौम्य झटका आला, पण या वेळी गोळी चालू राहिली. पुढे युरिक ॲसिड 5.7 वर आले. 6 च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते. ‘‘आता बंद करू का?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा दुखणे नसतानाही ती बहुधा कायम घ्यावी लागेल, कारण थांबवल्यास प्रमाण पुन्हा चढते, हे मी स्पष्ट सांगितले. पुढच्या तपासणीची तारीख पत्नीने त्याच वहीत लिहिली.