लाईट उनी, मोटार चालू कर!

"ऑपरेशन चांगलं झालं, पण बाबांचं डोकं फिरलं." हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्नही मला पाठ झालाय: भूल जास्त दिली का?

अमळनेर तालुक्यातल्या त्या सुनेचा प्रश्न वेगळा होता. 77 वर्षांच्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री ते सलाईन उपसून उठले. "लाईट उनी, मोटार चालू कर!" लाईट आली म्हणे, गव्हाला पाणी भरायचं होतं. हिनं धरलं, तर हिलाच चोर म्हणाले. चार दिवसांनी ते भानावर आले. त्यांना काही आठवेना, ही काही विसरेना. आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, आणि ही म्हणे नकोच.

"ताई, मनात असल्याशिवाय तोंडात येतं का?"

हा मेंदूचा तात्पुरता गोंधळ, डिलिरियम, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. पटलं नाही. नुसत्या माहितीनं मन हलत नाही, हे इतरांना शिकवणारी मीच माहिती देत बसले होते!

चौथ्या भेटीत विचारलं, "पडण्याआधी आबा खाटेवरून कसे उठायचे?"

ती थबकली. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून उठून दाखवलं. "असे. पायजमाही ढिला व्हायला लागला होता. मी म्हटलं, वय झालं."

मी शिंप्याची टेप दिली. आबांच्या पोटरीचा घेर भरला 29 सेंमी. आशियाई तज्ज्ञांच्या 2019च्या निकषात पुरुषांसाठी 34च्या खाली, बायकांसाठी 33च्या खाली म्हणजे स्नायू तपासून घ्या. हाताच्या पकडीचा जोर पुरुषांत 28, बायकांत 18 किलोच्या खाली असला तरी तसंच.

"म्हणजे राग नव्हता," ती हळूच म्हणाली. "अंगात काही उरलंच नव्हतं."

स्नायू आटलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर असा भ्रम होण्याची शक्यता जास्त. टेप भविष्य सांगत नाही. वय, विसराळूपणा, कमी ऐकू येणं हेही मोजायचं. आणि एकदा भ्रम झाला असेल तर ते सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं. डॉक्टरांना विचारून डाळ, दूध, अंडी वाढवा, रोज उठबस करवा. ऑपरेशननंतर चष्मा, कानयंत्र लगेच द्या. दिवसा खिडकी उघडी, रात्री शांतता, उशाशी घरचं माणूस. वाद घालू नका. माणूस एकदम गप्प, सुस्त झाला तरी नर्सला सांगा. तोही भ्रमच असू शकतो.

हर्नियाच्या ऑपरेशनच्या रात्री आबांनी डोळे उघडून विचारलं, "लाईट उनी का?"

"नही आबा, आज दिवसनी लाईट शे. झोपा."

ते झोपले, असं तिनं मला फोनवर सांगितलं. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं.